वाढत्या अंगाचे कपडे

लहान मुलाला कपडे शिवायचे ते 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. जूनमध्ये शाळेचा गणवेश टाकताना आपण शिंप्याला बजावतो, "दोन बोटं मोठाच शिवा." मुलगा विशीला आला, मुलगी अठराची झाली की हे सांगणे थांबते. आता अंग भरले, माप कायम झाले, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या घरातली मुले तालमीत किंवा व्यायामशाळेत वजने उचलू लागली आहेत, तिथे हे माप पुन्हा हलू लागते आणि न फाटलेले, न विटलेले कपडे एकेक करून बाजूला पडतात.

आमच्या घरी हेच चालले आहे. थोरला पोलीस भरतीची तयारी करतो. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर वाढावी लागते. धाकटी तालुक्याच्या कॉलेजात शिकते आणि तिथेच वेटलिफ्टिंग करते. दोन वर्षांत दोघांचीही अंगे पालटली. त्याचा सदरा पाठीत ओढतो आणि छातीवरची बटणे ताणतात. तिच्या ड्रेसची बाही दंडावर चढत नाही, कंबर मात्र ढगळ. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि सोसायटी, खत, बियाणे यांतच वाटला जातो. दर चार महिन्यांनी नवे कपडे कुठून आणायचे? मी घरी मशीन चालवते, म्हणून यातून वाट काढता आली. ती आपल्या भगिनींना सांगावी, म्हणून हे लिहिते.

पहिली गोष्ट, वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये. चरबी उतरते आणि स्नायू भरतात, तेव्हा वजन तेच राहते आणि कपडे मात्र बसेनासे होतात. महिन्यातून एकदा टेपने छाती, खांदा, दंड, कंबर आणि मांडी मोजून वहीत लिहून ठेवावी. माप सकाळी, व्यायामाच्या आधी घ्यावे. व्यायाम झाल्याबरोबर अंगात रक्त खेळते आणि दंड-मांड्या काही वेळ फुगलेल्या असतात. त्या मापाने शिवलेला कपडा दुसऱ्या दिवशी सैल होतो.

दुसरी गोष्ट, शिवणीत माया ठेवावी. बाजूच्या शिवणी दोन, म्हणजे पुढच्या-मागच्या मिळून कडा चार. प्रत्येक कडेला एक इंच माया ठेवली आणि पुढे शिवण उसवून अर्धा-अर्धा इंच सोडला, तर घेर दोन इंचांनी वाढतो. तेवढ्यावर वर्ष निघते. कोरे सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवावे, नाहीतर अंग वाढते आणि कापड आटते, अशी दुहेरी ओढाताण होते. उरलेले तुकडे चिंध्यांत टाकू नयेत. काख दाटली की त्याच कापडाचा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा काखेत बसवावा. हात मोकळा वर जातो आणि जोड दिसतही नाही.

तयार कपडा घ्यायचा झाला तर सदरा खांद्याला बसेल तो घ्यावा. कंबरेत दाबणे सोपे, खांदा दुरुस्त करणे शिंप्यालाही जड जाते. पँट मांडीला बसेल ती घ्यावी आणि मागच्या शिवणीतून कंबर आत घ्यावी. व्यायामाला होजिअरीचा बनियन आणि नाडीची पँट पुरे. अंग पालटत असेपर्यंत बाहेर घालायचे दोन-तीनच जोड ठेवावेत, पण ते अंगाला नीट बसणारे असावेत. थोरल्याचे आखडलेले दोन सदरे कॉलर आणि बाही सारखी करून त्याच्या चुलतभावाला दिले. माझ्या एका सुती साडीतून धाकटीचे दोन कुडते निघाले.

खरी अडचण मात्र पैशाची नव्हती. गेल्या वैशाखात घरच्या लग्नात माझ्या चुलत नणंदबाई धाकटीकडे बघून चारचौघींत म्हणाल्या, "वहिनी, पोरीचे दंड बघा की, पैलवानासारखे झालेत! उद्या स्थळं यायचीत." त्या दिवसापासून पोर ओढणी खांद्यांवरून लपेटून, पोक काढून चालू लागली. सरावालाही दोन दिवस गेली नाही. तेव्हा माझ्या सासूबाई बोलल्या, "मी ज्वारीची पोती उचलत होते, तेव्हा माझे दंड कुणी बघितले नाहीत. पोती घरात आली का, तेवढं बघितलं."

मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली रौप्यपदक मिळवले, ते ४९ किलो वजनी गटात. दोन प्रकारांत मिळून तिने २०२ किलो उचलले. वजने उचलली की मुलगी आडदांड होते, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. मी धाकटीला हे सांगितले, पण नुसत्या सांगण्याने पोक जात नाही. बाही दंडात रुतत असेल आणि पाठ ओढत असेल, तर कोणीही खांदे आत घेणारच. म्हणून तिचे सगळे ड्रेस उसवले, बाह्या उरेब कापडाच्या केल्या, कारण तिरके कापलेले कापड थोडे ताणते. गळा आणि खांदा नव्या मापाने बेतला. आठ दिवसांत पोरीची मान वर आली आणि सरावही पुन्हा सुरू झाला.

आपल्या जुन्या माणसांनी हे ओळखले होते. धोतर आणि नऊवारी लुगडे कोणत्याही अंगाला बसते. बाराबंदीला बंद असत, खणाच्या चोळीला पुढे गाठ असे. अंग भरले की गाठ सैल, उतरले की घट्ट. कष्टाने अंग पालटणारच, हे त्या शिवणाऱ्या हातांना ठाऊक होते.

तेव्हा भगिनींनो, मुलामुलींचे कपडे दाटू लागले तर त्यांच्या अंगाला नावे ठेवू नका. कपडा उसवता येतो, पुन्हा शिवता येतो. कष्टाने कमावलेल्या अंगाची लाज एकदा मनात बसली, तर ती उसवायला फार दिवस लागतात. पुढचे कापड टाकाल तेव्हा शिंप्याला आठवणीने सांगा, "शिवणीत माया ठेवा, पोरं अजून वाढत्या अंगाची आहेत."