पंचवीस सेंटचा हल्क आणि ६.६२५ टक्के

‘द इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक. वर तारीख नोव्हेंबर १९७४, किंमत २५ सेंट. वुल्व्हरिन या अंकात पहिल्यांदा नीट भेटतो. आधीच्या, म्हणजे १८० व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत तो नुसता डोकावून गेलाय. त्यामुळे तो अंक बिचारा कायम दाराबाहेर उभा, आणि मान सगळा १८१ ला. आज त्याची बऱ्या अवस्थेतली प्रत घ्यायची तर काही हजार डॉलर मोजावे लागतात.

मला हा अंक हवा होता. न्यू जर्सीत राहतो, पगार बरा आहे, मुलंबाळं नाहीत, त्यामुळे असले हट्ट अधूनमधून परवडतात. ऑनलाइन एक प्रत ३,००० डॉलरला दिसली. कार्टमध्ये टाकली, पत्ता भरला आणि बेरीज झाली ३,१९८ डॉलर ७५ सेंट. वरचे १९८.७५ म्हणजे न्यू जर्सीचा विक्रीकर, ६.६२५ टक्के. मी तो टॅब तसाच उघडा ठेवला आणि या कराबद्दल वाचायला लागलो. पुढचे दोन-तीन आठवडे तेच चाललं होतं. त्या १९८ डॉलरांनी मला जेवढं वाचायला लावलं, तेवढं हल्कनंही कधी लावलं नसेल.

अमेरिकेत आपल्यासारखा देशभर एक जीएसटी नाही. विक्रीकर राज्यांचा. ४५ राज्यांत तो आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर काउंटीचा, शहराचा थर असतो. ओरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशर आणि डेलावेअरमध्ये तो नाहीच. अलास्कात राज्याचा नाही, पण काही गावं आपापला लावतात. १९९२ साली ‘क्विल’ नावाच्या, पोस्टानं ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम, माणूस यातलं काहीच नाही, त्या राज्यासाठी कर गोळा करायची सक्ती तुमच्यावर करता येणार नाही. तेव्हा ऑनलाइन खरेदी हा प्रकार जवळपास नव्हताच. पण पुढची २६ वर्षं सगळा ऑनलाइन बाजार या निकालाच्या सावलीत वाढला. टेक्सासमधला विक्रेता आणि न्यू जर्सीतला ग्राहक यांच्यात कर येतच नव्हता.

म्हणजे यायला हवा होता, पण कोणी भरत नव्हतं. कायद्यात ‘यूज टॅक्स’ नावाची गोष्ट आधीपासून आहे. विक्रेत्यानं कर घेतला नसेल तर तो ग्राहकानं स्वतः राज्याला भरायचा. न्यू जर्सीच्या प्राप्तिकराच्या फॉर्मवर त्यासाठी एक वेगळी ओळ आहे. वर्षभरातल्या किरकोळ खरेदीसाठी उत्पन्नाप्रमाणे अंदाजाचा एक तक्ताही दिलाय, म्हणजे पावत्या शोधत बसायला नको. पण १,००० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तू त्या तक्त्यात बसत नाही. तिचा हिशेब वेगळा द्यायचा. जुन्या काळातलं ‘ऑनलाइन घे, कर नाही’ हे वाक्य कायद्यानं कधीच खरं नव्हतं, आणि महाग कॉमिकच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या ओळीत शून्य लिहून लोक मोकळे होत होते, इतकंच.

२१ जून २०१८ ला हे संपलं. साउथ डकोटा हे प्राप्तिकर नसलेलं राज्य, त्याचा सगळा भार विक्रीकरावर. त्यांनी कायदा केला की वर्षाला १,००,००० डॉलरचा माल किंवा २०० व्यवहार आमच्या राज्यात झाले तर दुकान नसलं तरी कर गोळा करा. ‘वेफेअर’ या ऑनलाइन फर्निचरवाल्या कंपनीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्य पाच विरुद्ध चार अशा मतांनी जिंकलं. विरोधात लिहिणाऱ्या सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं निकालपत्र मी कोड वाचावा तसं वाचलं. देशात कर लावणारे १०,००० हून जास्त अधिकारी घटक आहेत, हे सांगताना ते उदाहरणं देतात: न्यू जर्सीत स्वेटर विणायला घेतलेल्या लोकरीवर कर नाही, पण तीच लोकर कलाकुसरीसाठी घेतली तर आहे. इलिनॉयमध्ये ट्विक्स हे खाद्य आणि स्निकर्स ही कँडी, कारण ट्विक्समध्ये पीठ असतं. ज्यानं कधी चेकआउटचं पान लिहिलंय त्याला हे वाचून हसू येत नाही, पोटात गोळा येतो.

यानंतर एकेका राज्यानं नियम केला की कर विक्रेत्यानं नाही, बाजार चालवणाऱ्या वेबसाइटनं कापायचा. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास २०१९ मध्येच आले. विक्रीकर असलेलं शेवटचं राज्य, मिझुरी, २०२३ च्या जानेवारीत. इथे कॉमिकवाल्यांसाठी खरी गंमत सुरू होते. एखाद्या आजोबांनी माळ्यावरचा एक अंक शेजाऱ्याला विकला तर बहुतेक राज्यांत ती घरगुती विक्री, कर नाही. तोच अंक त्यांनी त्याच शेजाऱ्याला वेबसाइटवरून विकला तर बहुतेक ठिकाणी कर लागतो. माणसं तीच, वस्तू तीच, फक्त मधे एक सर्व्हर आलाय.

ऑनलाइन खरेदीवर कर असू नये असं मी म्हणणार नाही. गल्लीतला कॉमिकवाला २६ वर्षं प्रत्येक बिलावर इमानदारीत कर लावत होता, आणि लोक त्याच्या दुकानात अंक चाळून घरी जाऊन दुसऱ्या राज्यातून मागवत होते. तो अन्याय होता. माझी अडचण निराळी आहे. पन्नास वर्षं जुन्या वस्तूवर हा कर पुन्हा पुन्हा, दर वेळी पूर्ण किमतीवर लागतो. हा अंक दर दहा वर्षांनी एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे वेबसाइटमार्फत गेला, तर पाच हातांत पाच वेळा कर. आपल्याकडे जीएसटीत निदान जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी नियम ३२(५) आहे: खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर. (छापील पुस्तकावर तर जीएसटीच नाही. तरी आमच्याकडे बाबांचे इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ रद्दीत किलोवर गेले, तो भाग वेगळा.)

आता लिलावाकडे बघा. एप्रिल २०२४ मध्ये डॅलसच्या हेरिटेजच्या लिलावात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, १९३८ चा, सुपरमॅन पहिल्यांदा दिसतो तो, ६० लाख डॉलरला गेला. तेवढ्या किमतीची वस्तू न्यू जर्सीतल्या घरी आणायची तर नुसता कर ३,९७,५०० डॉलर. आपली ती पातळी नाही, पण गणित तेच. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघर साधारण २० टक्के प्रीमियम लावतं, आणि कर या दोन्हींच्या बेरजेवर. माझ्या मनात सगळं मिळून ३,२०० असतील तर मला बोली २,५०० ला थांबवावी लागते. त्याच लिलावात ओरेगॉनचा माणूस तेवढ्याच पैशात साधारण २,६६६ पर्यंत जाऊ शकतो. आणि तिसरा एक असतो, ज्याला राज्य कुठलंही असो, कर नाही. तो म्हणजे व्यापारी. त्याच्याकडे रिसेल सर्टिफिकेट असतं: हा माल मी पुढे विकायला घेतोय, कर शेवटच्या ग्राहकाकडून घेईन.

तर्क चुकीचा नाही. पण बोली लावणाऱ्यांच्या रांगेत जो अंक तीन महिन्यांत विकून टाकणार आहे त्याला सूट, आणि जो मरेपर्यंत ठेवणार आहे त्याच्यावर पूर्ण कर. वस्तूवर प्रेम करायचं तर पैसे जास्त.

अर्थात मित्र मदतीला होतेच. कॉलेजातला एक सीनियर विल्मिंग्टनला असतो, माझ्यापासून गाडीनं दीडेक तास. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘‘अरे, माझ्याकडे मागव की! डेलावेअरला टॅक्सच नाही. वीकेंडला ये, जेव आणि घेऊन जा.’’ जेवणाचं आमंत्रण मी घेतलं. अंक तिथेच त्याच्या कपाटात राहणार असेल तर प्रश्न नाही. श्रीमंत लोक हेच करतात. डेलावेअरमध्ये चित्रं आणि मौल्यवान वस्तू ठेवायची खास गोदामं आहेत, वस्तू तिथेच पडून असते आणि मालक फोटो बघतो. पण मी ती न्यू जर्सीत आणली की फॉर्मवरची ती ओळ पुन्हा समोर येते. म्हणजे वाचतं काय? पकडलं जाण्याची शक्यता कमी, एवढंच.

दुसरा सल्ला जास्त गोड होता. ‘‘तू पण कंपनी काढ ना. एलएलसी, सर्टिफिकेट, झालं.’’ ऑफिसमधला हा मित्र अमेरिकेतच जन्मलेला, त्यामुळे त्याला हे इतकं सोपं वाटतं. माझा व्हिसा एच-वन-बी. ज्या कंपनीनं तो काढलाय तिच्यासाठीच काम करायची परवानगी. स्वतःचा धंदा चालवणं त्यात बसत नाही. सर्टिफिकेटवर सही करताना मी लिहून देणार की मी व्यापारी आहे. ते खरं असेल तर व्हिसाचा प्रश्न, आणि खोटं असेल, म्हणजे अंक घरच्या कपाटात ठेवणार असेन, तर करचोरी. दोन्ही कागद उद्या ग्रीन कार्डच्या फायलीशेजारी ठेवले तर काय दिसेल? १९८ डॉलरसाठी?

यातून एक वेगळाच प्रश्न मागे लागला. मी आतापर्यंत सात-आठ अंक विकले आहेत, नवे घ्यायला. तो छंद. चाळीस विकले तर? माझ्या वयाचे बरेच संग्राहक आता ‘इन्व्हेस्टमेंट’ हाच शब्द वापरतात. सीजीसीकडून ग्रेड घेतलेला अंक प्लॅस्टिकच्या कवचात बंद असतो, वाचता येत नाही, त्यामुळे तो शेअरसारखा वाटायला लागणं साहजिक आहे. म्हणून मी शेअरसारखंच गणित मांडून बघितलं. ३,००० चा अंक मला ३,१९८.७५ ला पडतो. तो ईबेवर विकायचा तर फी साधारण १३ टक्के धरू. ती फी विक्रेत्याला ग्राहकाच्या एकूण रकमेवर पडते, म्हणजे ग्राहकानं भरलेल्या करावरसुद्धा! माझे पैसे नुसते परत यायला अंकाची किंमत सुमारे ३,७१३ व्हायला हवी. जवळजवळ २४ टक्के वाढ, पोस्टेज न धरता. त्यानंतर खराच नफा झाला तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूवर केंद्राचा भांडवली नफा कर २८ टक्क्यांपर्यंत, जिथे शेअरला तो २० च्या वर जात नाही. एकच दिलासा, भरलेला विक्रीकर खरेदी किमतीत धरता येतो. पावती मात्र जपून ठेवायची.

एवढं गणित झाल्यावर ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द माझ्यापुरता निकालात निघाला, आणि मी तो टॅब बंद केला. विकायचंच नसेल तर मला ग्रेड कशाला हवी, कवच कशाला हवं?

‘हल्क १८१’ च्या आत एक गंमत आहे. मार्व्हलनं त्या काळात अंकांच्या पानांवर ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापले होते. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे. हजारो मुलांनी ते इमानदारीनं कापले. आज कापलेला स्टॅम्प म्हणजे अपूर्ण अंक, आणि किंमत धाडकन खाली. अशी एक प्रत मला आमच्याच भागातल्या एका दुकानात मिळाली. कणा थोडा दुमडलेला, मुखपृष्ठाचे रंग चांगले, आत खिडकीसारखं छोटं चौकोनी भोक. ९०० डॉलर, अधिक कर ५९ डॉलर ६३ सेंट. दुकानदारानं बिल देताना विचारलं, ‘‘रिसेल?’’ मी नाही म्हणालो.

त्या रात्री अंक पिशवीतून काढून पहिल्या पानापासून वाचला. भोक जिथे आहे तिथे मागच्या पानावरचा मजकूरही गेलाय. तो दुसरीकडे स्कॅनमध्ये बघता येईल, अजून बघितलेला नाही.