रिंगणातील जागा

वाचकाचा अधिकार हा विषय मी अठ्ठावीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवला. सहृदय कोणास म्हणावे, अभ्यासाने मन निर्मळ झाल्याखेरीज रसास्वाद संभवतो काय, दुर्बोधतेचा दोष कृतीकडे जातो की वाचकाकडे, या प्रश्नांची उत्तरे मी फळ्यावर लिहून दिली आणि उत्तरपत्रिकांत ती पुन्हा वाचली. त्या सर्व काळात मी स्वतः अधिकारी पुरुषांच्याच बाजूला उभा होतो, हे मात्र माझ्या ध्यानी आले नाही. ते ध्यानी आले निवृत्तीनंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तेही एका संगणकीय खेळामुळे.

२०२०च्या टाळेबंदीत माझा भाचा मुंबईहून बोर्डीस आमच्या घरी राहावयास आला. चिकूची वाडी, पलीकडे सुरूची रांग आणि त्यापलीकडे ओहोटीला दूर ओसरणारा समुद्र, एवढेच त्याचे जग उरले होते. रात्री मात्र तो दुसऱ्याच जगात असे. देशोदेशींची पंचवीस माणसे एका भुयारात शिरत, एका अजस्र प्राण्याशी झुंजत, मरत, पुन्हा उठत. इंग्रजीत याला 'रेड' म्हणतात; आपण धाड म्हणू. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसू लागलो. काही दिवसांनी तो म्हणाला, "मामा, नुसता बघत काय बसतोस? तूही ये. काही येत नसलं तरी चालतं. माझ्या मागे मागे राहा."

'काही येत नसलं तरी चालतं' हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. समीक्षेच्या माझ्या अख्ख्या कारकिर्दीत हे वाक्य मी कोणत्याही विद्यार्थ्याला ऐकवले नव्हते.

या धाडींचा इतिहास थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण त्याचे साहित्याच्या इतिहासाशी विलक्षण साम्य आहे. १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात डझनावारी खेळाडूंनी मिळून एका शत्रूवर चालून जाण्याची रीत रुजली. २००४च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये चाळीस जणांच्या धाडी होत्या. चाळीस माणसे ठरल्या रात्री ठरल्या वेळी जमवायची, तर शिस्तबद्ध मंडळी हवीत, त्यांत पदे हवीत, कडक नियम हवेत. ज्यांना नोकरी आहे, तान्हे मूल आहे, ज्यांचे हात मंद आहेत, ते आपोआप दाराबाहेर राहिले. २००६च्या जूनमध्ये तेथे 'नॅक्सरामस' नावाची धाड खुली झाली. काही महिन्यांतच, २००७च्या जानेवारीत, खेळाचा पुढचा विस्तार आला आणि ती मागे पडली. बहुसंख्य खेळाडूंना तिचे दर्शनही घडले नव्हते. कर्त्यांनी २००८च्या विस्तारात तीच धाड दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा मांडली. आधी पंडितांच्या मठात राहिलेली पोथी काही वर्षांनी सुबोध आवृत्तीत बाहेर यावी, तसे हे झाले.

सुबोध आवृत्ती निघाली की दोन तट पडतात. एक म्हणतो, ग्रंथ बाटला. दुसरा म्हणतो, ग्रंथ अखेर घरोघरी पोहोचला. हा वाद मी दोन्ही बाजूंनी शिकवलेला आहे. परंतु आत शिरून पाहिल्यावर मला असे दिसले की, 'सामान्यास प्रवेश द्यावा की नाही' हा खरा प्रश्नच नव्हे. प्रवेश कोणत्या रीतीने द्यावा, हा तो प्रश्न आहे. आणि निरनिराळ्या खेळांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिली रीत कृती सौम्य करण्याची. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २०११च्या अखेरीस यंत्राने संघ जुळवून देण्याची सोय धाडींनाही लागू केली. आपण नाव नोंदवायचे. यंत्र पंचवीस अनोळखी माणसे गोळा करते. शत्रू तोच, त्याचा महालही तोच. परंतु त्याचे घाव हलके केलेले असतात, काही डावपेच गाळलेले असतात आणि मिळणारे बक्षीसही कमी प्रतीचे असते. पुढे अशीही तजवीज झाली की, संघ हरला की दर पराभवागणिक त्याचे बळ थोडे वाढावे. म्हणजे चिकाटीने हरत राहिल्यास विजय अटळ. यामुळे कथेचा शेवट सर्वांस पाहावयास मिळाला, हे उपकार लहान नव्हेत. पण तेथे बोलावे लागत नाही, कोणाची गरज भासत नाही, आणि बाहेर पडल्यावर चोवीसांपैकी एकाचेही नाव आठवत नाही.

दुसरी रीत सोबत बदलण्याची. २०१३ साली नव्याने उभ्या केलेल्या 'फायनल फँटसी चौदा' या खेळात त्याच वर्षाच्या डिसेंबरात चोवीस जणांची धाड आली. आठ-आठांचे तीन गट. या प्रकाराला दीर्घकाळ अवघड अशी वेगळी आवृत्ती नव्हतीच. तसा स्वतंत्र प्रयोग झाला तो २०२४च्या अखेरीस. म्हणजे येथे पातळ केलेला पाठ आणि मूळ पाठ असा भेद नव्हता. पाठ एकच, आणि तो आरंभापासून सामान्य खेळाडू डोळ्यांपुढे ठेवून रचलेला. आत शिरणाऱ्या मातब्बर खेळाडूचे बळ त्या धाडीच्या पातळीपर्यंत उतरवले जाते. संघात कोणी प्रथमच आलेला असेल, तर ती गोष्ट सर्वांस कळवली जाते, आणि धाड पार पडल्यावर त्याच्या निमित्ताने इतरांना जास्तीचे काही मिळते. शेवटी प्रत्येकाने एका सहखेळाडूला शाबासकी द्यावी अशीही सोय आहे. नवखा माणूस येथे ओझे न ठरता शकुन ठरतो.

तिसरी रीत दारच काढून टाकण्याची. २०१२च्या 'गिल्ड वॉर्स दोन'मध्ये मोकळ्या माळावर राक्षस अवतरतो आणि जवळपास असलेला कोणीही, नाव न नोंदवता, लढ्यात सामील होतो. ज्याने हातभार लावला त्याला त्याचा वाटा स्वतंत्रपणे मिळतो; पडलेल्याला कोणीही उठवू शकतो. ही जत्रा आहे. जत्रेचा गुण हा की तेथे कोणी परका नसतो. दोष हा की आपण गेलो नसतो तरी कोणाच्या लक्षात आले नसते.

आता माझा अनुभव. एका खेळात, कोणत्या ते सांगण्याचे कारण नाही, तिसऱ्याच रात्री संघाने मतदान करून मला बाहेर काढले. माझे हात मंद पडत होते, ही गोष्ट खरी. कोणी काही बोलले नाही. पडद्यावर एक ओळ उमटली आणि मी एकटाच एका नगरद्वारापाशी उभा होतो. भाचा हसला, "होतं असं, मामा." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तोंडी परीक्षेत अडखळणाऱ्या मुलांकडे मी घड्याळ पाहत बसलो होतो, ते दिवस आठवत राहिले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'फायनल फँटसी'ने आपला विनामूल्य भाग बराच वाढवला, आणि मी तेथे शुश्रूषा करणारे पात्र घेऊन गेलो. त्या पहिल्या चोविसांच्या धाडीत एक प्रसंग असा आहे की, प्रत्येक गटातील काही माणसांनी आपापल्या ओट्यावर नुसते उभे राहायचे. ती तेथे उभी असतील तरच दुसऱ्या गटाचे वार त्यांच्या शत्रूला लागतात. मी काहीच करत नव्हतो. फक्त उभा होतो. आणि माझ्या उभे राहण्यामुळे पलीकडे कोणा अनोळखी माणसाची तलवार चालत होती. केवळ उपस्थितीला इतका नेमका अर्थ देणारी रचना मी क्वचितच पाहिली आहे.

एस्पेन आर्सेथ यांनी १९९७च्या आपल्या ग्रंथात अशा संहितांचा विचार केला की ज्या पार करावयास वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम पडतात. पण त्या विचारात वाचक बहुधा एकटा असतो. धाडीतील वाचक एकटा नसतो. त्याचा अर्थ शेजाऱ्याच्या चुकीवर अवलंबून असतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्य हा सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हणून सांगितला आहे, आणि पुढच्या परंपरेने मात्र प्रेक्षकाच्या अधिकाराची चर्चा सूक्ष्म करत नेली. भट्टनायकाचे साधारणीकरण हे भावाचे आहे. माणसे एकमेकांस साधारण कशी होतात, हे त्यात येत नाही. त्याचे उत्तर मला ग्रंथात न मिळता घराजवळ मिळाले.

आमच्या डहाणू-तलासरी भागात पीक हाती आल्यावर वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. वाजवणारा फिरतो तशी नाचणाऱ्यांची साखळी, एकमेकांच्या कमरेला हात घालून, त्याच्याभोवती वळत जाते. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा संकेत. साखळीच्या पुढच्या माणसाला पावलांचे वळण ठाऊक असते; शेपटाला पोर, म्हातारे, पाहुणे. नवख्याचे पाऊल चुकते तेव्हा साखळी थांबत नाही. शेजाऱ्याचा हात त्याला वळवून नेतो. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून जगाने पाहिलेले ते वेटोळे हेच. त्यात प्रत्येक आकृती सारखीच, आणि तरी तोंड कोठले, शेपूट कोठले हे उघड असते.

परंतु येथे भावविवश होण्यात अर्थ नाही. बोर्डीच्या चिकू महोत्सवातही तारपा वाजतो. पर्यटक साखळीत शिरतात, दोन फेऱ्या घेतात, छायाचित्र काढतात. तेही सौम्य केलेले, निमंत्रितांसाठी बेतलेले रिंगणच आहे. मीही प्रथम तेथेच नाचलो. पुढे एका पाड्यावर रात्री बोलावणे आले, तेव्हा कळले की महोत्सवातील दोन फेऱ्यांनी मला नाच शिकवला नव्हता; पण नाचात शिरण्याची लाज मोडली होती. तेव्हा पातळ आवृत्तीची सरसकट निंदा मला करता येत नाही. तिच्यापुढे वाट आहे की भिंत, एवढेच पाहावयाचे.

या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार याच गावात झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आली. काम कोसबाडला हलल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. मूल कुरणात, म्हणून शाळाही कुरणात. लक्षात घ्यावयाचे ते हे की, शिक्षणाचा आशय या बायकांनी पातळ केला नाही. त्यांनी स्थळ हलवले, वेळ हलवली आणि शिकवणाऱ्यालाच चालावयास लावले. बळ उतरवावयाचे ते मातब्बराचे, हा नियम खेळकर्त्यांच्या आधी सहा-सात दशके येथे अमलात होता.

आणि मी काय केले? मी टिपणे दिली. कादंबरी चारशे पानांची, टिपण चार पानांचे: कथानक, पात्रे, आशयसूत्र, उणिवा. मुले उत्तीर्ण झाली. त्यांनी महालातील शेवटची खोली पाहिली, पण तेथपर्यंत कोणाच्या सोबतीने गेली नाहीत. मी स्वतःस समजावत असे की या मुलांचा अधिकार एवढाच. वस्तुतः मी त्यांच्यासाठी घाव हलके केले होते. माझे स्वतःचे बळ उतरवून त्यांच्याबरोबर ती कादंबरी प्रथम वाचल्यासारखी वाचण्याचे कष्ट मात्र टाळले होते.

अर्थात, सोबतीच्या रीतीवरही आक्षेप आहेत. बक्षिसासाठी दाखवलेला चांगुलपणा हा चांगुलपणा काय? मातब्बर मंडळी तीच तीच धाड शेकडो वेळा करून कंटाळतात, मुकाट्याने पुढे धावतात, आणि नवखा मागे राहतो, हेही मी पाहिले आहे. पण मलाही पगार मिळत होता. पगार मिळतो म्हणून शिकवणे खोटे ठरत नाही. कोणाला मागे टाकून आपण पुढे गेलो, यावर ते ठरते. रचना माणसाला चांगले करू शकत नसेल. चांगले वागण्याची वेळ ती त्याच्यावर आणू शकते. साहित्याच्या अध्यापनात अशी वेळ आणणारी रचना आपण केली आहे काय, हा प्रश्न मी आता वर्गात नसताना विचारतो आहे, ही माझी शोकांतिका म्हणा.

भाचा मुंबईस परतला. मी अधूनमधून अजून खेळतो. परवा चोविसांत एक जण वारंवार पडत होता. पडद्यावर सूचना होती की संघात कोणी प्रथमच आले आहे. मी त्याला उठवले, तो पडला, पुन्हा उठवले. अखेर मला येत होते तेवढ्या इंग्रजीत मी लिहिले की काही येत नसले तरी चालते, माझ्या मागे मागे राहा. तो राहिला. त्या गडबडीत माझे एक पाऊल चुकले आणि मी पडलो. मला उठवले ते त्यानेच.