पाचूबंदर ते चोर्ला : १७३९ नंतरचे धुके

मागच्या काही भागांत आपण वसईच्या मोहिमेविषयी बोलत होतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे किल्ला पडला, तहाच्या अटी ठरल्या, पोर्तुगीज आपली चीजवस्त घेऊन गलबतांत बसले आणि निघून गेले. आपल्याकडे सांगितला जाणारा इतिहास बहुधा इथेच थांबतो. तुमच्यापैकी अनेकांनी विचारले होते, की मग पुढे ते गेले कुठे? या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर मला एम. ए.च्या वर्गात मिळाले होते. त्या उत्तराचा भूगोल मात्र गेल्या जुलैत समजला. चोर्ला घाटातल्या एका महागड्या निसर्गनिवासात, ढगांच्या आत दोन रात्री काढल्या तेव्हा. म्हणून आजचा धागा नेहमीपेक्षा अधिक व्यक्तिगत आहे.

मी पाचूबंदरची. किल्ल्याच्या तटाजवळ, वसईच्या खाडीच्या मुखाशी आमचा कोळीवाडा आहे. आमच्याकडे सहलीचा महिना मे नसतो, जुलै असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या. घरात जाळी विणण्याखेरीज काम नाही. माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून त्याने परस्पर दोन रात्रींचे पैसे भरून टाकले. बाबांनी होडीच्या डागडुजीचे कारण सांगून अंग काढून घेतले, आणि त्यांच्या जागी माझी वर्णी लागली. एका रात्रीचे भाडे कळल्यावर आईने मला एवढेच विचारले, "यात जेवण तरी धरलंय ना?" धरले होते.

रेल्वेने थिवी, तिथून गाडीने डिचोली, साखळी, केरी, मग अंजुणे धरणाच्या कडेने घाट. केरीपर्यंत नुसता पाऊस होता. घाटात पाऊस दिसेनासा झाला आणि ढग सुरू झाला. गोवा आणि कर्नाटक यांची सीमा इथून जाते, महाराष्ट्राचीही जवळच आहे. पण त्या दिवशी वाहनचालकाला समोरचे वळणही दिसत नव्हते, तिथे सीमेची काय कथा! चोर्ला हे गाव बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले, बोली मराठी. त्याच परिसरातल्या स्वप्नगंधा दरीच्या काठावर 'वाइल्डरनेस्ट' नावाचे हे निवासस्थान आहे. लाकडी कुटीरे, दरीकडे उघडणारी गॅलरी, पलीकडे वज्रा धबधबा. तो धबधबा आम्ही दोन दिवस ऐकला. दिसला फक्त एकदा, तोही ढग फाटल्यावर, मोजून अर्धा मिनिट.

अशा वनाला इंग्रजी ग्रंथांत जे नाव आहे त्याला मराठीत मेघवन म्हणता येईल. त्याचे गमक पावसाच्या मापात नसते, ढगाच्या स्पर्शात असते. वाऱ्याबरोबर सरकणारे धुके पानांवर, फांद्यांवर, शेवाळावर अडते, त्याचे थेंब होतात आणि पाऊस नसतानाही झाडाखाली टपटप सुरू राहते. म्हणजे झाड ढगातून पाणी गाळून घेते. काटेकोरपणे पाहिले तर सह्याद्रीचा हा भाग खरे मेघवन नव्हे; खऱ्या मेघवनात धुके जवळजवळ बारमाही असते, इथे ते पावसाळ्याचे पाहुणे. मात्र त्या चार महिन्यांत खोडांवर शेवाळाचे जाड अस्तर चढते, त्यावर नेचे आणि आमरी उगवतात, आणि भर दुपारी शीळकरी कस्तुराची शीळ आपल्या अगदी कानाशी वाजते, पक्षी मात्र दिसत नाही.

मेघवनातल्या पर्यटनाचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचे माँतेवेर्दे. त्याची सुरुवात इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी आहे. सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणारी अमेरिकेतली काही क्वेकर कुटुंबे १९५१ मध्ये तिथे जाऊन राहिली, कारण कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपले सैन्यच मोडीत काढले होते. त्यांनी गायी पाळल्या, चीज केले, आणि डोंगरमाथ्यावरचे रान पाण्यासाठी राखून ठेवले. राखीव वन १९७२ मध्ये झाले. पर्यटक त्यानंतर आले. रान मुळात राखले गेले ते पाण्यासाठी, निसर्गदर्शनासाठी नव्हे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता १७३९ कडे येऊ. वसईबरोबर पोर्तुगीजांचा 'उत्तरेचा प्रांत' गेला. त्यांच्या हातून गेलेल्या गावांचा आकडा ३४० सांगतात. ठाण्याची सासष्टी गेली, आणि त्याच साली मराठी फौजा गोव्याच्या सासष्टीत आणि बार्देशातही शिरल्या. (दोन्हीकडे सासष्टीच, कारण दोन्हीकडे मूळची सहासष्ट गावे. परीक्षेत या एका नावाने भल्याभल्यांना चकवले आहे.) १७४० च्या तहात चौलही सुटले. दोनशे वर्षे किनाऱ्याच्या जोरावर जगलेल्या सत्तेपाशी दमण, दीव आणि गोव्याचे तीन जुने तालुके एवढेच उरले. समुद्रावर डच आणि इंग्रज पुढे गेलेले. मग वाढायचे कुठे? उत्तर एकच होते : पूर्वेला, सह्याद्रीकडे.

१७४६ मध्ये व्हाइसरॉयने सावंतवाडीकरांचा हळर्ण किल्ला घेतला. लिस्बनला त्याचे एवढे अप्रूप वाटले, की त्या किल्ल्याच्या नावाने त्याला 'आलोर्नाचा मार्किस' ही पदवी मिळाली. १७६० च्या दशकात फोंडा, सांगे, केपे, काणकोण. १७८० च्या दशकाच्या आरंभी डिचोली आणि सत्तरी. १७८८ मध्ये पेडणे. यांनाच 'नव्या काबिजादी' म्हणतात. आजच्या गोव्याच्या नकाशाचा मोठा भाग असा वसई गेल्यानंतरच्या पन्नास वर्षांत जोडला गेलेला आहे. आणि मी ज्या गॅलरीत चहा घेत बसले होते, तिच्या खाली ढगाने झाकलेला जो तालुका होता, तो सत्तरी.

हे जुळल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. आमच्या घरामागच्या तटावरून जी सत्ता हटली, तिचा भार पुढे या उतारांवरच्या गावांवर पडला. एका किनाऱ्याची सुटका आणि एका डोंगराचे पारतंत्र्य यांच्यात सरळ कार्यकारण लावणे घाईचे होईल; सावंतवाडीकरांची दुर्बलता, सोंद्याच्या राजाची अडचण, मराठ्यांचे अंतर्गत कलह, अशी इतर कारणेही होती. तरी आपण विजयाची तारीख साजरी करताना नकाशाची दुसरी बाजू उलटून पाहत नाही, हे माझे मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

सत्तरीने तो भार मुकाट्याने वाहिला नाही. राण्यांची बंडे शंभराहून अधिक वर्षे चालली. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि सरकारला १८५५ मध्ये तडजोड करावी लागली. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम झालेल्या मराठा शिपायांनी नकार दिला, त्यांचे बंड दादा राणे यांच्या उठावाशी जुळले, आणि ते मोडायला पोर्तुगालहून राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन आला. हे इतकी वर्षे टिकले कसे? त्याचे उत्तर वाचनालयात मिळणे कठीण आहे, तिथे मात्र खिडकीबाहेरच होते. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही असे चार महिने, दाट रान, आणि घाट चढला की ब्रिटिशांचा मुलूख, जिथे पोर्तुगीज शिपायाला पाठलाग करता येत नाही. निवासाच्या माहितीपत्रात ज्या धुक्याला 'प्रसन्न' म्हटले आहे, ते एकेकाळी बंडखोरांचे चिलखत होते.

आणखी एक शब्द त्या पत्रकात होता : 'अस्पर्श'. याच्याशी मी सहमत नाही. या उतारांवर कुमेरीची शेती होत असे. राब जाळून नाचणी पेरायची आणि जमीन विसाव्याला सोडायची. ब्रिटिश वनखात्याने बेळगाव-कारवारकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती आवळत नेली. घाटवाटांनी बैलांचे तांडे मीठ आणि सुकी मासळी वर नेत, धान्य खाली आणीत. देवरायांत कुऱ्हाड चालत नसे. नव्या काबिजादींत पोर्तुगीजांनी स्थानिक रीतिरिवाज राखण्याचे धोरण ठेवले. सोळाव्या शतकात वसईत त्यांनी जे केले त्याच्या हे अगदी उलट. कदाचित त्यामुळेही इथल्या देवराया टिकल्या असाव्यात. सांगायचा मुद्दा हा, की या रानाला हात लागलेले आहेत. ते हात आज पाहुण्यांना दिसत नाहीत, इतकेच.

विज्ञानालासुद्धा इथे सगळे दिसले आहे असे नाही. पाय नसलेला, जमिनीखाली राहणारा, गांडुळासारखा दिसणारा एक उभयचर आहे. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. चोर्ल्याच्या देवगांडुळाची एक जात २००७ मध्ये प्रथमच शास्त्रीय नावाने नोंदली गेली आणि म्हादई नदीवरून तिचे नाव ठेवले गेले. बंडे झाली, सीमा आखल्या गेल्या, तीन राज्ये झाली, तरी मातीतला रहिवासी बिनानावाचाच होता.

जेवणघरात वाढणारा मुलगा सत्तरीतल्या एका गावचा होता. आईला तो 'मावशी' म्हणू लागला आणि तिची भीड चेपली. पहिल्या रात्री ती ताठ बसून जेवली होती; दुसऱ्या दिवशी तिने त्याला विचारले, "पावसात तुमच्याकडं मासळीचं काय करता रे?" तो म्हणाला, "पुरुमेंत असतं ना मावशी! पावसाआधीच सुकी मासळी, मीठ, कोकम, सगळं भरून ठेवतात." पुरुमेंत हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला, बेगमी असा त्याचा अर्थ. आम्ही त्यालाच आगोटीची खरेदी म्हणतो. मग सुके बोंबील विरुद्ध सुकी बांगडी असा वाद रंगला, आणि तो मी मध्ये पडून थांबवला नाही. दोन प्रदेशांच्या संबंधांविषयी मी वाचलेल्या काही निबंधांपेक्षा त्यात अधिक माहिती होती.

त्याच मुलाने आईला या जागेची गोष्ट सांगितली. ही दरी खाणीच्या घशात जाण्याची वेळ आली होती, म्हणून एकाने ती शेकडो एकर जमीन विकत घेतली आणि रान राखण्याचा खर्च निघावा म्हणून हे निवास उभे केले, असे तिथे सांगतात. गोव्यातल्या खाणी पाहिलेल्या माणसाला या धोक्याची कल्पना द्यावी लागत नाही. आणि इथे राखले जाते ते केवळ हिरवे दृश्य नव्हे. खानापूरच्या रानात उगम पावणारी म्हादई खाली मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिचे पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. एकाच ढगाचे दोन थेंब दोन समुद्रांत पोचतात. माँतेवेर्देच्या गवळ्यांनी जे ओळखले होते ते इथेही लागू आहे, आणि म्हादईच्या पाण्यावरून राज्ये लवादापर्यंत गेली ती उगाच नव्हे.

आईने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "जमीन घेता येते म्हणून बरं. दर्या कोण विकत घेणार?"

तिच्या डोक्यात वाढवण होते. आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ, सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. समुद्रात भराव पडणार, माशांची विणीची जागा जाणार, ही त्यांची भीती. बंदराच्या बाजूने रोजगाराचा युक्तिवाद आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. पण रान वाचवायचे तर एखादा धनवान माणूस दरी विकत घेऊ शकतो, दारात फाटक लावू शकतो, पाहुण्यांकडून भाडे घेऊ शकतो. मच्छीमाराच्या समुद्राला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर जगलो, त्यावर आपला हक्क दाखवणारा कागद कोणापाशी नाही. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये ती मराठ्यांनी घेतली, पुढे इंग्रजांनी. या साऱ्या कागदांत किल्ला आहे, महसूल आहे, बंदर आहे. जाळी टाकणारे कुठेही पक्षकार नाहीत.

या धाग्याला शोभेल अशी एक आठवण जाता जाता. वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणून ओळखली जाणारी एक घंटा भीमाशंकरच्या देवळात आहे. तेही सह्याद्रीच्या माथ्यावरचे, पावसाळाभर ढगांत बुडालेले रान. म्हणजे वसईहून ढगांत मुक्कामाला गेलेली मी काही पहिली नव्हे.

३१ जुलैच्या आत आम्ही पाचूबंदरला परतलो. होडीची डागडुजी झाली होती. पुढच्या भागात नाणूसचा किल्ला आणि १८५५ ची तडजोड सविस्तर पाहू. त्या सत्तरीच्या मुलाचे गाव नाणूसपासून फार लांब नाही, आणि त्याने वाट दाखवायचे कबूल केले आहे. आईनेही यायचे ठरवले आहे. तिच्या पिशवीत बोंबील असतील.