आणखी काही सेकंद तबला

तबला थांबलाच नाही! 'लव्ह यू टू' कुठे संपतं हे मला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या जागी गाणं आलं आणि सरळ पुढे निघून गेलं. सतार चालू, तबला तसाच धावतोय, आवाज विरत चाललाय पण अजून आहे, अजून आहे… मी उठले, सुई उचलली आणि गाण्याच्या शेवटाजवळ पुन्हा टेकवली. पुन्हा तेच! वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्याला मागे आणखी एक दालन होतं आणि आजवर कुणी मला त्याचं दार दाखवलं नव्हतं.

तबकडी होती बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर'. ५ ऑगस्ट १९६६ ला लंडनमध्ये बाजारात आली, त्याच काळात मैत्रिणीच्या काकांनी तिकडे विकत घेतली आणि मायदेशी परतताना सामानात घालून आणली. काका गेल्यावर त्यांचा सगळा संग्रह तिच्याकडे आला आणि तिच्याकडून ही तबकडी काही दिवसांसाठी माझ्याकडे. कव्हरवर क्लाउस फोरमन यांचं ते केसांच्या जंजाळाचं काळं-पांढरं चित्र, मागच्या बाजूला पुढच्या कागदाच्या कडा दुमडून चिकटवलेल्या (त्या काळच्या इंग्रजी कव्हरांची ही एक खूण), काळ्या लेबलवर पिवळ्या अक्षरांत 'पार्लोफोन' आणि क्रमांक पीएमसी ७००९. यातल्या 'एम'चं महत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हतं. स्टिरिओ तबकडीचा क्रमांक पीसीएस ७००९. म्हणजे ही मोनो. मी लहानपणी ऐकलेली कॅसेट, पुढे घेतलेली सीडी, सगळं स्टिरिओ होतं.

माझी समजूत अशी, की मोनो म्हणजे तेच गाणं, फक्त दोन स्पीकरऐवजी एकातून. अजिबात नाही! ते वेगळं मिक्स आहे. वेगळ्या वेळी, वेगळ्या हातांनी केलेलं.

हे कळलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून सगळं सांगते. १९६६ साली अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रण होत असे. त्या चार ट्रॅकमधून अंतिम गाणं तयार करायचं, तर टेप चालू करायची आणि गाणं वाजत असतानाच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, हाताने वर-खाली करत दुसऱ्या टेपवर उतरवायचं. हालचाली लक्षात ठेवणारं यंत्र नव्हतं. कुठे गिटार पुढे आणायची, शेवटी आवाज किती सावकाश विरू द्यायचा, हे त्या क्षणी निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्या बोटांत असायचं. मोनोसाठी हे एकदा करायचं, स्टिरिओसाठी पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही वेळा हात तंतोतंत सारखा पडणं अशक्यच. एकाच गायकाने एकच राग दोन संध्याकाळी गावा, तसं हे आहे. त्यातून त्या वेळी इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत मोनोच वाजायचं, त्यामुळे मोनोवर जास्त जीव लावला जायचा.

'लव्ह यू टू'चं ध्वनिमुद्रण ११ एप्रिल १९६६ चं. तबला वाजवलाय अनिल भागवत यांनी, आणि त्यांचं नाव 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर छापलेलं आहे. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही त्या काळी अगदी दुर्मीळ गोष्ट. भागवत हे आडनाव तिथे वाचून कुठल्याही मराठी माणसाचे कान टवकारतील. तर या भागवतांचा काही सेकंदांचा तबला स्टिरिओ करताना फेडर लवकर खाली आल्यामुळे गेला आणि मोनोत राहिला! तो तबला मी आता इतक्यांदा ऐकलाय की घरचे वैतागलेत, पण माझं समाधान होत नाही.

मग एकेक गाणं तपासायचा सपाटाच लावला. 'यलो सबमरीन'च्या अगदी सुरुवातीला मोनोत गिटार लगेच साथीला आहे, स्टिरिओत ती थोडी उशिरा येते. 'गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ'मध्ये मोनोचा शेवट लांबतो आणि मॅकार्टनीचा आवाज स्टिरिओत नसलेल्या हरकती घेत राहतो. 'आय अॅम ओन्ली स्लीपिंग'मधली उलटी फिरवलेली गिटार तर कमाल आहे: इंग्लंडच्या मोनोत ती काही जागी येते, स्टिरिओत दुसऱ्याच जागी, आणि अमेरिकेत 'यस्टरडे अँड टुडे' या वेगळ्या तबकडीसाठी आधीच पाठवलेल्या मिक्समध्ये आणखी तिसरीकडे. एका गाण्याची इतकी रूपं जगभरच्या कपाटांत पडलेली आहेत आणि प्रत्येक घराला वाटतं, आपलं तेच गाणं!

पण खरा थरार पुढेच आहे, आणि तो ऐकण्याच्या आधी वाचायचा असतो.

गाणी संपल्यावर सुई लेबलकडे सरकते तो गुळगुळीत पट्टा पाहा. विजेरीचा उजेड तिरका पाडा. तिथे अक्षरं आहेत! लेबलच्या खालच्या बाजूला, घड्याळात सहा असतात तिथे, मॅट्रिक्स क्रमांक: 'रिव्हॉल्व्हर'च्या पहिल्या बाजूवर एक्सईएक्स ६०५, दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६, आणि त्यापुढे एक छोटी रेघ देऊन एक आकडा. तो आकडा सांगतो की ही कितवी कापणी. म्हणजे मूळ टेपवरून लॅकरच्या तबकडीवर खाचा कितव्यांदा कापल्या. त्या लॅकरवरून धातूचा साचा, साच्यावरून 'मदर', मदरवरून 'स्टँपर', आणि स्टँपर दाबून विनाइलच्या प्रती. नऊच्या जागी मदरचा क्रमांक असतो, तीनच्या जागी स्टँपरचा. स्टँपरचा क्रमांक मात्र आकड्यात नाही, अक्षरांत.

त्या अक्षरांची गुरुकिल्ली कळली तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ग्रामोफोन लिमिटेड! तबकडी काढणाऱ्या कंपनीच्याच नावातली दहा वेगवेगळी इंग्रजी अक्षरं घेतली आहेत: जी म्हणजे एक, आर दोन, ए तीन, एम चार, ओ पाच, पी सहा, एच सात, एल आठ, टी नऊ आणि डी शून्य. मैत्रिणीच्या तबकडीवर तीनच्या जागी जी आणि पी आहेत. म्हणजे सोळावा स्टँपर! लंडनजवळ हेजच्या कारखान्यात कुणा कामगाराने ठोकलेली ही दोन अक्षरं आज मी इथे बसून वाचतेय. स्टँपरचा आकडा लहान म्हणजे प्रत नक्की आधीची, असं मात्र छातीठोकपणे म्हणू नये. स्टँपर क्रमानेच यंत्रावर चढत असतील याची खात्री नसते. मला तरी मॅट्रिक्सचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो नुसता छपाईचा क्रम सांगत नाही. कधी कधी तो सांगतो की खाचेत संगीतच वेगळं आहे.

'टुमॉरो नेव्हर नोज' घ्या. 'रिव्हॉल्व्हर'मधलं शेवटचं गाणं, पण ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी सुरू झालेलं, ६ एप्रिल १९६६ ला. टेपचे तुकडे टोकाला टोक जोडून केलेली वेटोळी, म्हणजे लूप, स्टुडिओच्या इमारतीतल्या निरनिराळ्या मशीनवर एकाच वेळी फिरत होती. लोक पेन्सिली धरून ती ताणून उभे होते आणि लूपचे आवाज फेडरवरून आत सोडले जात होते. सीगल पक्ष्यांसारखं जे ऐकू येतं ते मॅकार्टनीचं वेग वाढवलेलं हसणं. या गाण्याची मोनो मिक्स बरीच झाली. त्यातलं अकरावं निवडलं, ते तबकडीसाठी गेलं आणि कापलंही गेलं. मग जुलैत मार्टिन यांनी फोनवर निर्णय फिरवला: अकरावं नको, आठवं घ्या. पुन्हा कापणी झाली. पण तोवर पहिल्या कापणीच्या थोड्या प्रती छापल्या गेल्या होत्या आणि त्या दुकानांत पोचल्या!

म्हणजे १९६६ च्या ऑगस्टमध्ये दोन माणसांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी 'रिव्हॉल्व्हर' घेतली असेल, कव्हर तेच, लेबल तेच, किंमत तीच, आणि एकाच्या घरी शेवटचं गाणं वेगळं वाजलं असेल. लूप वेगळ्या ताकदीने उसळतात, शेवट निराळा होतो. ओळखायची खूण एवढीच: दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१. संग्राहक याच्यासाठी जीव टाकतात आणि मला त्यांचं अगदी पटतं. आमच्या तबकडीवर ६०६-२ आहे, म्हणजे आठवं मिक्स. अकरावं मी २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर' संचात ऐकलं, तिथे ते अधिकृतपणे दिलंय. ऐकून झाल्यावर पुन्हा आपलं आठवं लावलं. मला विचाराल तर मार्टिन बरोबर होते. पण दोन्ही ऐकल्याशिवाय हे मत मला बनवताच आलं नसतं!

आणि ही एकाच तबकडीची कथा. बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर'च्या मोनोत 'शीज लीव्हिंग होम' जलद आहे आणि सूरही वर चढलेला, त्यामुळे गाण्यातली मुलगी खरोखर घाईने घर सोडतेय असं वाटतं. स्टिरिओ त्यापुढे रेंगाळतं. 'व्हाइट अल्बम'च्या मोनोत 'हेल्टर स्केल्टर' लवकर आटोपतं आणि बोटांना फोड आल्याची रिंगोची ती प्रसिद्ध आरोळी त्यात नाहीच. 'रबर सोल'ची पहिली मोनो कापणी, एक्सईएक्स ५७९-१, इतकी दणदणीत आहे की संग्राहक तिला 'लाउड कट' म्हणतात. नंतरच्या कापण्या सौम्य केल्या. ती प्रत्यक्ष ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते करेन.

फक्त कव्हरवर जाऊ नका, ही विनंती. जुन्या बाजारात कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसरीच हे सर्रास होतं. विकणारा 'फर्स्ट प्रेस' म्हणाला तरी तबकडी बाहेर काढा, तिरकी धरा, वाचा. आणि परदेशी प्रतच हवी असंही नाही. कोलकात्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात बीटल्सच्या तबकड्या छापल्या जात. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात त्या अजूनही हाताला लागू शकतात, आणि कितीतरी घरांच्या माळ्यावर असतील. त्यातल्या मोनो प्रती रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा लावून बघा.

मी आता शोधतेय ती एक छोटी तबकडी, मार्च १९६८ मधली, 'लेडी मॅडोना'ची. तिच्या मागच्या बाजूला 'द इनर लाइट' आहे. हे गाणं आपल्या मुंबईचं! जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांकडून या गाण्याचं संगीत ध्वनिमुद्रित करून घेतलं. मुंबईत फक्त मोनो मशीन होतं, म्हणून ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं, ही आठवण हॅरिसननेच पुढे सांगितली आहे. एवढा सगळा खटाटोप, आणि तबकडी निघाली ती मोनोच. स्टिरिओ मिक्स झालं थेट जानेवारी १९७० मध्ये. ते मी ऐकलंय. मोनो अजून मिळायचंय. कुणाकडे असेल तर कृपा करून ऐकवा, आणि मधल्या पट्ट्यावर कुठली अक्षरं आहेत तेही वाचू द्या.