चुटकी

शिकागोच्या ग्रीन मिल या बारमध्ये मी दिलेली पहिली दाद हा एका कवीचा जाहीर अपमान होता, हे मला दोन मिनिटांनी कळलं.

जानेवारीतला रविवार होता. रेड लाइनच्या लॉरेन्स स्टेशनवर उतरून ब्रॉडवेच्या कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर माझ्या पापण्यांवर बर्फ धरला होता. आत मिणमिणता उजेड, ओल्या कोटांचा वास आणि एका बाजूला पियानो, उभा बास, ड्रम. एक पोरगेला कवी माइकपाशी आला, पियानोवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि वडिलांच्या जुन्या ट्रकवरची कविता म्हणू लागला. मला आवडली. आता सिनेमांतून मी शिकले होते की अमेरिकेत जॅझच्या संगतीनं कविता म्हणतात तेव्हा टाळ्या नाही, चुटक्या वाजवायच्या. मी मनापासून वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या सत्तरीच्या कृष्णवर्णीय बाईंनी माझं मनगट धरलं.

"बेबी, काय बिघडवलंय त्यानं तुझं?"

इथे चुटकी म्हणजे 'कंटाळा आला, आटप'. त्यानंही भागलं नाही तर पाय आपटायचे, मग कण्हायचं. एखाद्या पुरुषानं कवितेत बायकांविषयी काही वावगं म्हटलं, तर बायका सापासारख्या फुत्कारतात. बाकी शहरांत चुटकीचा अर्थ पसंती असाच आहे, म्हणजे मी अगदीच अडाणी नव्हते. चुकीच्या घरात शिरले होते, एवढंच.

हे घर मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगारानं मांडलं. कवितावाचन म्हणजे कागदात तोंड खुपसून पुटपुटणं, आणि श्रोते म्हणजे इतर कवी, आपली पाळी कधी येते याची वाट बघणारे. याला तो विटला होता. (हे वाचून आपल्याकडचं कविसंमेलन आठवलं असेल, तर तो दोष माझा नाही.) १९८६ साली त्यानं ग्रीन मिलमध्ये 'पोएट्री स्लॅम' सुरू केलं. परीक्षक प्रेक्षकांतूनच निवडायचे आणि त्यांनी कवितेला दहापैकी गुण द्यायचे. कुस्तीच्या फडासारखा प्रकार. सूत्रसंचालक म्हणून तो स्वतःचं नाव सांगतो, तेव्हा सगळा बार एका आवाजात ओरडतो, "सो व्हॉट!" असशील मोठा, आम्हाला काय त्याचं?

बार १९०७ पासूनचा. अल कपोनची टोळी इथे ऊठबस करायची. त्याची ठरावीक बैठक दाखवतात, जिथून दारावर नजर ठेवता येते. १९२७ साली जो ई. लुईस हा विनोदवीर इथलं काम सोडून दुसऱ्या क्लबात गेला, म्हणून त्याच्यावर सुऱ्यांनी हल्ला करून त्याचा गळा चिरला. तो वाचला, पण बोलणं पुन्हा शिकावं लागलं. कलाकारावरची नाराजी कळवायची ही जुनी रीत पाहता चुटकी फारच सभ्य म्हणायची.

मी मिरजेची. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे वडिलांच्या मांडीवर बसून मी ऐकायला शिकले. ते कधी 'वाहवा' म्हणाले नाहीत. एखादी जागा मनासारखी आली की नुसतं 'हं' म्हणत, आणि आली नाही की पानाचा डबा उघडत. डब्याच्या त्या खटक्याचा अर्थ गवयांनाही कळत असावा, अशी लहानपणी माझी खात्री होती. समेवर माना एकदम हलायच्या. दाद कुठे द्यायची ती जागा ठरलेली असते, हे मी तिथे शिकले आणि तेच गाठोडं घेऊन इकडे आले.

ग्रीन मिलमध्ये ते उपयोगी पडेना. इथे दाद ओळीच्या मधेच येते. कवी श्वास घ्यायला थांबला की त्या फटीत कुणीतरी 'येस' म्हणतं, आणि बासवाला तेवढ्यात एक जाड स्वर टाकतो. बाईंना मी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, चर्चमध्ये, आणखी कुठे! त्यांचे वडील मिसिसिपीतून शिकागोच्या साउथ साइडला आले होते. रविवारी पाद्रीबाबा बोलायला लागले की ऑर्गन हळूच मागून सुरू व्हायचा आणि बाकांवरच्या बाया त्यांना धीर द्यायच्या. "टेक युअर टाइम." सावकाश येऊ दे, आम्ही बसलोय. मला ही दाद फार आवडली. संपल्यावर कौतुक करण्यापेक्षा चालू असताना थांबायला तयार असणं. याच साउथ साइडला, पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये थॉमस डॉर्सीनं १९३२ पासून ब्लूजचे सूर आणि देवाचे शब्द एकत्र बांधले. गॉस्पेल संगीताचा जनक म्हणतात त्याला. त्याआधी तो बारमध्ये ब्लूज वाजवायचा. तेव्हा बार आणि चर्च यांच्यात भिंत होती, पण दार उघडं होतं.

जॅझवर कविता म्हणण्याचं श्रेय बहुतेक लोक पन्नासच्या दशकातल्या बीट कवींना देतात. रेक्सरॉथ आणि फर्लिंगेटी यांनी १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सेलर' क्लबात ते केलं आणि त्याचा गाजावाजा झाला, हे खरंच. पण लँग्स्टन ह्यूजचा 'द वेअरी ब्लूज' हा संग्रह १९२६ चा. ब्लूजची चाल त्यानं कवितेच्या आतच बसवली होती. १९५८ साली त्यानं चार्ल्स मिंगस वगैरेंच्या साथीनं त्याच नावाची तबकडी केली, आणि १९६१ च्या 'आस्क युअर मामा'त तर कवितेच्या समासात वाद्यांसाठी सूचनाच छापल्या. हाच माणूस शिकागोच्या 'डिफेंडर' वृत्तपत्रात १९४२ पासून वीसेक वर्षं सदर लिहीत होता. सदर लिहिणारी म्हणून मला त्याचा जरा जास्तच अभिमान वाटतो.

ग्रीन मिलचा पियानोवाला कुणाच्या हातात कागद किती थरथरतोय ते आधी बघतो. घाबरलेल्या पोरीला तो जवळजवळ काहीच देत नाही, तीन-चार स्वर, सुईत दोरा ओवावा तसे. फुशारलेल्याला मात्र मुद्दाम चाल मोडून देतो. आमच्या गावी कीर्तनात पेटीवाले काका हेच करायचे. बुवा आख्यानात भरकटले की काका धृपदाचा सूर धरून ठेवायचे, म्हणजे बुवांना परत यायला वाट राहायची. आणि पोवाड्यातले झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला तेवढी फुरसत मिळते. ही दादच, फक्त मंचावर उभी राहून दिलेली.

मग मनात एक नको तो हिशेब सुरू झाला. इथल्या आम्हा मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात कविता होतात. मीही म्हणते. सगळ्यांना सारख्या टाळ्या पडतात, सात वर्षांच्या मुलीला आणि सत्तर वर्षांच्या काकांनाही. घरापासून एवढ्या लांब येऊन एकमेकांना काय दुखवायचं, अशी त्यामागची माया असते, ती मला मान्य आहे. पण 'छान झाली हं' म्हणणाऱ्या एकीलाही कविता कशावर होती ते आठवत नसतं. तिचं लक्ष बटाटेवड्यांच्या रांगेकडे असतं. नाही म्हणायची सोयच नसेल, तर त्या 'छान'चं मी काय करायचं? वडिलांच्या 'हं'ला किंमत होती, कारण पानाचा डबा शेजारी होता.

मार्चमध्ये बाईंनीच माझं नाव परस्पर यादीत घातलं. आईच्या जात्यावर लिहिलेली माझी कविता, मराठीतच म्हणायची असा त्यांचा हट्ट. इंग्रजीत दोन वाक्यं सांगून मी सुरू केलं. पियानोवाल्यानं चार ओळी नुसत्या ऐकल्या, मग डाव्या हातानं घरघरीसारखं काहीतरी गोल फिरवत ठेवलं. ड्रमवाल्यानं ब्रश धरले. ओवी तिथे अशी काही बसली की माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दुसऱ्या कडव्यानंतर मी थांबले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "टेक युअर टाइम."

तिसऱ्या कडव्यात उजव्या कोपऱ्यातून एक चुटकी आली. मग आणखी दोन.

दिवाळीत हीच कविता तिसऱ्या कडव्यासकट टाळ्या घेऊन गेली होती. या लोकांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि मी सांगून झालेलंच पुन्हा दळतेय हे मात्र कळलं होतं. मी चौथ्यावर उडी मारली. पियानोवाला माझ्याआधीच तिथे पोचला होता.

खाली आल्यावर बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "बेबी, मधे कुठेतरी तुझं पीठ संपलं होतं," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी ते कडवं खोडलं.