बसायचं का?

परवा उत्पादन शुल्कची प्रेसनोट आली. दरवर्षीसारखीच. ३१ डिसेंबरला परमिट रूम पहाटे ५ पर्यंत चालू. बातमी टाइप करायला चार मिनिटं लागली, कारण गेल्या वर्षीचीच काढायची आणि साल बदलायचं. गंमत म्हणजे ही सवलत ज्या कायद्याखाली मिळते त्याचं नाव अजूनही महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ असं आहे. कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, विदेशीला ५ रुपये, देशीला २ रुपये. मी पंधरा वर्षं जवळजवळ रोज प्यालो. मला तो कुणी एकदाही मागितला नाही.

बातमी पाठवली आणि सहज बोटं मोजली. हा माझा दारूशिवायचा सातवा ३१ डिसेंबर. म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आपल्याकडे 'बसणे' या क्रियापदाचा संध्याकाळी सातनंतर एकच अर्थ होतो. 'काय, बसायचं का?' एवढं विचारलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच एका सीनियरने हे विचारलं होतं. बातम्या बसल्यावरच कळतात असंही तो म्हणाला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. टेंडर कुणाला, कुठला नगरसेवक फुटणार, हे सगळं दुसऱ्या पेगनंतर कळायचं. फक्त तिसऱ्या पेगनंतर मी ते विसरायचो.

तालुक्यातल्या एका गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं होतं. उभी बाटली की आडवी बाटली. नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. मत द्यायला आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी मुंबईला लेकीकडे गेलीय, जी ऊसतोडीला गेलीय, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची. आडवी बाटली थोडक्यात हरली. मी शाळेच्या पायरीवर एका म्हातारीला प्रतिक्रिया विचारत होतो. ती म्हणाली, "दादा, तुमच्याबी तोंडाला वास येतोय. तुमी काय लिवणार आमचं?"

दुपारचे तीन वाजले होते.

ते वाक्य मी बातमीत घातलं नाही. बाकी बातमी चांगली झाली, चार कॉलम लागली, फोन आले. ती लिहिली कुठे बसून, हे सांगायची गरज नसावी.

इथपर्यंत नुकसान माझं आणि घरच्यांचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. मग हायवेवर अपघात झाला. एक मयत, एक गंभीर. मी ढाब्यावर होतो. फोनवर नावं घेतली, कागदाच्या तुकड्यावर लिहिली, तशीच फोनवरून ऑफिसला सांगितली. नावं उलटी झाली. दवाखान्यात उपचार घेत असलेला पोरगा सकाळच्या अंकात मेला होता. भाऊ त्याच्या उशाशी होता, पण आई गावी. शेजारच्यांनी पेपर आधी वाचला. आई अंगणात कोसळल्या. आणि ज्यांचा पोरगा खरंच गेला होता त्या घरी पेपर पोचल्यावर पाच मिनिटं का होईना आशा लागली असेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. तेच जास्त टोचतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती. डेस्कला मी 'रेंज नव्हती, नीट ऐकू आलं नाही' असं सांगितलं होतं.

त्यानंतर घरच्या घरी सोडायचा प्रयत्न केला. एकदम बंद. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. बायको म्हणाली, "अहो, भिंत स्वच्छ आहे." गल्लीतल्या डॉक्टरांनी झापलंच. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, माणूस जाऊसुद्धा शकतो. हे मुद्दाम लिहितोय. कुणी उद्यापासून एकदम बंद करायच्या विचारात असेल तर आधी डॉक्टर गाठा. निश्चय नंतर करा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्याला मुक्तांगणमध्ये दाखल झालो. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पुलं आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले, आणि अवचट पती-पत्नींनी १९८६ साली ही संस्था सुरू केली. म्हणजे एका माणसाच्या लिखाणातून उभी राहिलेली जागा, आणि मी तिथे गेलो तो एका बातमीत जिवंत माणूस मारून. पहिले आठ-दहा दिवस हाच विचार करत पडून होतो.

तिथलं सगळं सांगत बसत नाही. एकच. घरी जायच्या आधी रोजचं वेळापत्रक लिहायला सांगितलं. सकाळ भरली, दुपार भरली. सात ते नऊ या चौकटीत पेन थांबलं. वीस वर्षं रकाने भरून पोट भरलेला माणूस मी, मला दोन तास भरता आले नाहीत. शेवटी 'फिरायला जाणे' लिहिलं.

तर आलो आणि फिरायला लागलो. तेव्हा आपलं गाव मला पहिल्यांदा दिसलं म्हणा. परमिट रूम, बियर शॉपी, चायनीजच्या गाडीमागचा आडोसा, मोजायला बोटं पुरत नाहीत. न पिणाऱ्याला दोनच जागा, भजन नाहीतर व्यायामशाळा. भजनात माझा सूर लागत नाही आणि व्यायामशाळेत पोरं काका म्हणतात. चहाच्या टपऱ्या साडेसातला आवरतात. नगरपरिषदेचं वाचनालय सहाला बंद. आठव्या महिन्यात दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करताना घसरलो. कुणी आग्रह केला नव्हता. वसुली संपली होती, सात वाजले होते, आणि कुठे बसावं कळेना. चार दिवस गेले त्यात. पुन्हा डॉक्टर, पुन्हा पुणे.

त्यानंतर मी भाकरी थापायला शिकलो. हसू नका. बायकोने सात वाजता परात समोर ठेवली आणि म्हणाली, हात गुंतवा. भाकरी गोल व्हायला दीड वर्ष लागलं. आता मुलगी अभ्यासाचं टेबल ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणते. पूर्वी ती गाडीच्या स्टँडचा आवाज ऐकायची, हे तिने मला दहावी झाल्यावर सांगितलं. स्टँड एका दमात लागलं तर बाबा बरे आहेत. दोन-तीनदा खडखड झाली तर पुस्तकं उचलून आतल्या खोलीत. अजूनही गाडी लावताना मला तो आवाज ऐकू येतो.

त्या अपघातातल्या पोराच्या घरी गेलो होतो, दोन वर्षांनी. रेंजचं खोटं होतं, मी प्यालेलो होतो, हे सांगितलं. तो आता टेम्पो चालवतो. बाजारात दिसला की लांबून ओरडतो, "काय साहेब, आहे बरं का मी अजून!" त्याच्या आई मात्र त्या दिवशी घरातून बाहेर आल्या नाहीत. चहा आतून आला. दुसऱ्या घरी जायचं अजून माझ्याच्याने झालेलं नाही.

आता मुद्द्याचं. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर भांडायला माझ्यापेक्षा हुशार लोक आहेत. माझी मागणी छोटी आहे. दर गुरुवारी आम्ही काही जण जमतो. एक एसटी ड्रायव्हर, एक गुरुजी, एक गवंडी, मी. एक ताई नवऱ्यासाठी येतात, नवरा अजून आलेला नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन असेच एकमेकांसमोर बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तिथे फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत. आम्हीही तेवढंच करतो. एका शाळेने वर्ग दिलाय, पहिलीचा. बाकं इतकी लहान की गवंडीभाऊ खालीच मांडी घालतात. पण गुरुवार आठवड्यातून एकदा येतो आणि सात रोज वाजतात.

वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, असा अर्ज आम्ही जूनमध्ये दिला. उत्तर आलं, कर्मचारी नाही. किल्ली आमच्याकडे द्या, झाडून-पुसून ठेवतो, लाइटबिलाचं काय ते बघतो, असा दुसरा अर्ज दिला. त्याला उत्तर नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनाही जागा हवीच आहे, तीही सही करायला तयार आहेत. वाचणाऱ्यांत नगरसेवक आहेत, मला माहितीये. निवडणुकीत तुमच्याबरोबर कोण कोण बसत होतं तेही माहितीये, मीही एके काळी होतो. जानेवारीच्या सभेत एवढा विषय घ्या.

आणि ३१ तारखेचं. वर्ग मिळालाय. संध्याकाळी सातपासून बारापर्यंत. मसाला दूध, भेळ, कॅरम आहे, भाकरी माझ्या हातची आणि पिठलं गुरुजींचं. काही बोलावंच लागेल असं नाही. भाषण नाही, फोटो नाही, बातमी तर नाहीच. शाळा कुठली ते इनबॉक्समध्ये विचारा, मी कुणाला सांगणार नाही.

बसायला या.