माफ झालेलं कर्ज, न मिटलेली नोंद

माझा सिबिल स्कोअर मला ट्रॅक्टरच्या शोरूममधल्या पोराकडून कळला. ६१२. ‘भाऊ, फायनान्स बसत नाही,’ म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. का बसत नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ३०० ते ९०० मधला तो आकडा म्हणजे नुसता निकाल. उत्तरपत्रिका, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल, वेगळी असते. ती मागता येते हे आमच्या लाखनी तालुक्यात बँकेची पायरी झिजवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपला आपण पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. गावात उलटीच समजूत.

भाच्याने सिबिलचा अहवाल काढून दिला. शेवटच्या भागात चौकश्यांची यादी होती. शोरूमवाल्याने माझा अर्ज एकदम तीन-चार फायनान्सकडे टाकलेला, प्रत्येकाची नोंद. पण खरी गोम वर, खात्यांमध्ये. २०१७ चं पीककर्ज. त्या खरिपात तुडतुड्याने भंडारा-गोंदियाचं धान खाल्लं, सरकारला मदत जाहीर करावी लागली. कर्ज थकलं. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ. यादीत नाव आलं, सेवा केंद्रात अंगठा देऊन आधार प्रमाणीकरण केलं, सरकारचे पैसे बँकेत जमा झाले. अहवालात मात्र तेच खाते ‘राइट ऑफ’, म्हणजे बुडीत, आणि समोर पूर्ण बाकी.

‘माफीवाल्यांचं असंच दिसते गा भाऊ,’ बँकेतले साहेब म्हणाले. बेबाकी दाखला तेवढा दिला. तो जोडून मी ऑनलाइन तक्रार टाकली. नोंद ठेवणारी कंपनी मनाने काही बदलत नाही, बँकेलाच विचारते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून लागू आहे. साहेबांना वेगळा अर्ज दिला, त्यातही मी तो लिहिला. मग त्यांनीच फोन करून खाते क्रमांक विचारला.

बाकी शून्य झाली, खाते ‘बंद’ दिसू लागलं. अहवालातल्या थकलेल्या महिन्यांच्या चौकटी तशाच राहिल्या; त्या खऱ्याच होत्या. स्कोअर चढला, ट्रॅक्टरला पुरेल इतका नाही. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकार बँकांना बजावतं. ट्रॅक्टरला ती सवलत नाही. धानाच्या बांध्यांची चिखलणी यंदाही भाड्याच्या ट्रॅक्टरनेच केली.

मग बाकीच्या तिन्ही कंपन्यांचे अहवाल काढले. एकीकडे ते कर्ज अजून ‘राइट ऑफ’च आहे. तिथली तक्रार कालच टाकली.